बगॅसचा दर कोणी ठरवायचा?

सहकारी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल हातात पडला की सभासद सहसा दोनच आकडे शोधतो: उसाला दर किती दिला आणि कारखान्याच्या डोक्यावर कर्ज किती. त्याच अहवालाच्या पोटात आणखी एक आकडा असतो, निदान असायला हवा, आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कारखान्याच्या साखर विभागाने आपल्याच सहवीजनिर्मिती विभागाला बगॅस, म्हणजे ऊस गाळून उरलेला आणि जाळून वीज करायला वापरला जाणारा चोथा, टनाला किती रुपये दराने दिला, तो हा आकडा. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत ऊसदरावरून सभा उधळल्या गेल्या आहेत, समांतर सभा भरल्या आहेत. बगॅसच्या अंतर्गत दरावरून एखादा सभासद माइक धरून अडून बसला, असे दृश्य मात्र विरळाच. ‘तो आमच्या खात्याखात्यांतला विषय आहे’ असे व्यासपीठावरून सांगितले गेले की समोरच्यालाही ते पटल्यासारखे होते. एकाच संस्थेतल्या विभागांनी सामायिक साधने आपापसांत कशी वाटून घ्यावीत याला घरगुती बाब समजण्याची ही सवय चुकीची आहे, आणि तिची किंमत बहुधा वाटणीच्या बैठकीत नसलेला माणूस मोजतो, असे माझे मत आहे.

आधी ही वाटणी असते कशाची ते पाहू. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो आणि त्यात निम्मे पाणीच असते. तो बॉयलरमध्ये जातो, त्यावर वाफ तयार होते, त्या वाफेवर टर्बाइन फिरतात आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या कमी दाबाच्या वाफेवर रस आटवला जातो. वाफ एकच, पण तिच्याकडे डोळे लावून बसलेले विभाग अनेक. साखर उत्पादन विभागाला पॅनवर, म्हणजे साखरेचे दाणे जिथे तयार होतात त्या भांड्यांवर, स्थिर दाबाची वाफ हवी असते. सहवीज विभागाला जास्तीत जास्त युनिट महावितरणला विकायची असतात. मळीपासून किंवा रसापासून इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलरीला वाफ हवीच, पण ती गाळप हंगाम संपल्यानंतरही हवी, म्हणून तिचे म्हणणे असे की बगॅस आत्ताच जाळून संपवू नये, यार्डात रचून ठेवावा. इंजिनिअरिंग विभागाला ट्यूब बदलण्यासाठी तोच बॉयलर काही तास थंड हवा असतो. चौघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. यात कोणी लबाड नाही आणि अडचण नेमकी तीच आहे. लबाड माणूस असता तर त्याची बदली करून प्रश्न सुटला असता.

आता दराकडे येऊ. रंगराजन समितीने २०१२ साली सुचवलेले उत्पन्नवाटणीचे सूत्र महाराष्ट्राने २०१३ साली ऊसदराचा कायदा करून स्वीकारले. साखर आणि तिच्याबरोबर पहिल्या टप्प्यावर निघणारे बगॅस, मोलॅसिस (मळी), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) हे उपपदार्थ यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकाचा, असे ते सूत्र आहे. हा हिशेब एफआरपीपेक्षा, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदरापेक्षा, जास्त निघाला तर वरचा फरक शेतकऱ्याला द्यायचा. बगॅस बाहेर विकला तर त्याची किंमत बाजार सांगतो. तोच बगॅस आपल्या सहवीज प्रकल्पात गेला तर किंमत सांगणारा तिसरा माणूस उरत नाही. दोन विभागप्रमुख, चीफ अकौंटंट आणि कार्यकारी संचालक एका टेबलाभोवती बसून ती ठरवतात. दर कमी धरला की सहवीज प्रकल्प नफ्यात दिसतो, त्यासाठी कर्ज दिलेल्या बँकेचे समाधान होते आणि वाटणीच्या हिशेबात बगॅसच्या रकान्यात लहान आकडा बसतो. दर जास्त धरला की चित्र उलटे होते. ज्या वर्षी एफआरपीच वरचढ ठरते त्या वर्षी हा फरक शेतकऱ्याच्या बिलात उमटत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण वरचढ कोण ठरणार हेसुद्धा काही अंशी याच रकान्यांतल्या आकड्यांवर अवलंबून असते.

उताऱ्याचे, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीचे, आणखी नाजूक आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी जाहीर केली आणि उतारा वाढेल तसा दर वाढतो. बी-हेवी मोलॅसिस, म्हणजे साखर पूर्ण न काढता ठेवलेली मळी, डिस्टिलरीकडे वळवले की साखर कमी निघते आणि वरवर पाहता उतारा घसरतो. म्हणून वळवलेली साखर पुन्हा हिशेबात धरून उतारा काढावा लागतो. याचा अर्थ असा की वाळव्यातल्या किंवा कऱ्हाडातल्या एखाद्या दोन एकरवाल्याचा दर साखर विभाग आणि डिस्टिलरी यांच्यामधल्या पाइपवर बसवलेल्या मीटरवर आणि त्या मीटरचे रीडिंग वहीत लिहिणाऱ्या हातावर टेकलेला असतो. त्या वहीला अंतर्गत कागद म्हणून बाजूला ठेवणे कोणाला परवडेल?

यावर कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतला एखादा कारखानदार म्हणेल, हे सगळे सहकारातले दुखणे आहे, खासगी कंपनीत मालक असतो, तो सांगेल तसे होते. माझा अनुभव वेगळा आहे. कुपवाडच्या एका मध्यम आकाराच्या मशीन शॉपमध्ये मी काही काळ कॉस्टिंगचे काम पाहत होतो. तिथे सीएमएम, म्हणजे तयार जॉबची अचूक मापे घेणारे यंत्र, एकच होते आणि त्यावर टूलरूम, उत्पादन, नवीन जॉबचा विकास आणि डिस्पॅचपूर्वीची तपासणी अशा चौघांचा हक्क होता. कोणाचा जॉब आधी लावायचा हे कळावे म्हणून अर्जंट जॉबला लाल टॅग बांधायची पद्धत सुरू झाली. पहिल्या आठवड्यात रॅकवर दोन-तीन लाल टॅग दिसत. महिनाअखेरीला लाल टॅग नसलेला जॉब शोधावा लागे. मग कोणीतरी त्या लाल टॅगवर मार्करने ‘व्हेरी अर्जंट’ असे लिहायला सुरुवात केली, आणि शेवटी सीएमएमवरच्या मुलाने टॅग पाहायचेच सोडून दिले; समोर कोण येऊन उभे आहे ते तो पाहू लागला. डिस्पॅचचे साहेब स्वतः येऊन उभे राहत, त्यांचे काम होई. टूलरूमचा हेल्पर फिक्स्चर रॅकवर ठेवून निघून जाई आणि ते तिथेच पडून राही. फिक्स्चर वेळेवर तपासले गेले नाही म्हणून पुढच्या महिन्यात रिजेक्शन वाढले, आणि रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये सीएमएमचे नावही निघाले नाही.

मालक तिथेही होता, आणि चांगला होता. पण मालक रोज सीएमएमच्या दारात उभा राहू शकत नाही. तो एवढेच म्हणत असे, ‘तुम्ही आपापसांत समजुतीने घ्या.’ आपल्याकडच्या कार्यसंस्कृतीत हे वाक्य फार शहाणपणाचे मानले जाते. मला ते धोक्याचे वाटते. ज्याच्या मागे बिलिंगचा आकडा उभा आहे, जो साहेबांच्या केबिनमध्ये दार न वाजवता जाऊ शकतो, ज्याचा आवाज मोठा आहे, त्याच्या बाजूने समजूत निघते; आणि ज्याने समजून घेतले तो मनातून समजून चुकलेला असतो की पुढच्या वेळी आपणही आरडाओरडा करायचा. अशा रीतीने समजूतदार माणसालाच संस्था हळूहळू आडमुठेपणा शिकवते.

अंदाजपत्रकाच्या वेळी हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. दहा मागितले की सहा मिळतात हे प्रत्येक विभागप्रमुखाला ठाऊक असते, म्हणून सहा हवे असणारा दहा मागतो. वरच्यांनाही ते ठाऊक असते, म्हणून ते सरसकट चाळीस टक्के कापतात. ज्याने प्रामाणिकपणे सहा मागितले त्याच्या हातात साडेतीन पडतात, आणि पुढच्या वर्षी तोही दहा मागतो. दोन-तीन वर्षांत कागदावरची मागणी आणि खरी गरज यांचा संबंधच तुटतो. यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक विभागाने गेल्या वर्षी किती माणसे, किती मशीन-तास, किती वाहने मागितली आणि त्यांपैकी प्रत्यक्षात किती वापरली, याचा तक्ता बजेटच्या बैठकीत सगळ्यांसमोर लावला, तर पुष्कळशी फुगवलेली मागणी त्या बैठकीच्या आदल्या दिवशीच आपोआप खाली येते. हा तक्ता का लावला जात नाही, याचे उत्तर मला असे दिसते की तो लावला तर वरिष्ठांच्या हातातली कापण्याची आणि कृपा करण्याची सत्ता जाते.

विजेचेही तसेच. उच्चदाब ग्राहकाच्या बिलात युनिटच्या दराशिवाय केव्हीएमध्ये मोजलेल्या कमाल मागणीचा आकार असतो, आणि करारातल्या मागणीच्या वर गेले की दंडही असतो. सकाळी फर्नेस आणि हीट ट्रीटमेंट दोन्ही एकदम सुरू झाली तर तेवढ्या थोड्या वेळाचे ओझे महिनाभराच्या बिलावर बसते. ते बिल पुढे सगळ्या विभागांत युनिटच्या प्रमाणात वाटले जाते, त्यामुळे भार चढवणाऱ्याला आपण काय केले हे कळतसुद्धा नाही. कॉम्प्रेस्ड एअरला तर बहुतेक ठिकाणी विभागवार मीटरच नसतो. चहाच्या सुट्टीत मशिनी थांबल्या की शॉपभर फुसफुस ऐकू येते आणि ती कोणाची गळती आहे हे विचारायला कोणी जात नाही, कारण ती कोणाच्याच खात्यात पडत नाही.

सामायिक साधन मोजायचेच नाही, मागणी कोणीही कितीही करायची आणि भांडण झाले की समजुतीने घ्यायचे, ही पद्धत आपल्या भागाला नवी असण्याचे कारण नाही, कारण पाण्याच्या बाबतीत ती आपण शंभर वर्षांहून अधिक काळ भोगली आहे. कऱ्हाडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा इंग्रजी अमदानीतला. त्या काळापासून कालव्यावरच्या गावांना एक गोष्ट माहीत आहे की मुखाशी बसलेल्याला पाण्याची टंचाई कधी कळत नाही आणि शेपटाशी बसलेल्याला ती सांगावी लागत नाही. म्हणूनच शेजपाळीच्या, म्हणजे ठरलेल्या पाळीने पाणी द्यायच्या, पद्धतीत पाणी शेपटाकडून मुखाकडे द्यायचे, असा नियम घातला गेला. त्या नियमात मनुष्यस्वभावाची जाण आहे. मुखाकडच्याला आधी दिले तर त्याची गरज कधीच पूर्ण होत नाही. शेपटाकडच्याला आधी दिले तर पाणी आपल्यापर्यंत लवकर यावे यासाठी मुखाकडचा माणूस स्वतःच वाटेतली गळती आणि चोरी पाहू लागतो. प्रत्यक्षात हा नियम अनेक ठिकाणी पाळला गेला नाही, टेल कोरडे राहिले, हेही सर्वांना माहीत आहे. त्यातून धडा घेऊन २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा जो कायदा राज्याने केला, त्यात पाणी वापर संस्थेला पाणी मोजून द्यायचे आणि तिच्या समितीवर मुखाकडच्या, मधल्या आणि शेपटाकडच्या भागातले प्रतिनिधी घ्यायचे, अशी तरतूद ठेवली. मोजमाप आणि शेपटाला बैठकीत जागा या दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय पाळी नुसती कागदावर राहते, हे त्या तरतुदीमागचे शहाणपण आहे.

कंपनीत मुखाशी कोण बसते? ज्याचे काम ग्राहकाला दिसते तो: विक्री, डिस्पॅच, मुख्य उत्पादन. शेपटाशी बसतात देखभाल, टूलरूम, प्रशिक्षण, सुरक्षा आणि दुसऱ्या-तिसऱ्या शिफ्टचे लोक. त्यांना पाणी मिळाले नाही तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडते ते तीन महिन्यांनी, आणि तेव्हा ते ‘ब्रेकडाउन’ म्हणून नोंदले जाते. देखभाल विभागाने मागितलेले शटडाउनचे तास उत्पादनाने महिनोन्‌महिने पुढे ढकलायचे आणि गिअरबॉक्स बसला की देखभाल विभागाकडे खुलासा मागायचा, हा प्रकार ज्याने पाहिला नाही असा इंजिनिअर आपल्या भागात सापडायचा नाही.

खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण उभे केले, त्याची आठवण इथे करणे भाग आहे. लोकवर्गणीतून, श्रमातून आणि नदीच्या वाळूच्या पैशातून उभ्या राहिलेल्या त्या धरणाचे अभियांत्रिकीपेक्षाही मोठे वैशिष्ट्य असे की पाणी समन्यायी पद्धतीने वाटायचे आणि त्यावर ऊस लावायचा नाही, हे त्या लोकांनी आधी ठरवले होते. पाणी अडायच्या आधी. पाणी अडल्यानंतर हा नियम करायला बसले असते तर ज्याची विहीर नदीच्या काठाला आहे त्याने तो होऊ दिला नसता, आणि त्याला दोष देणेही कठीण गेले असते. आपण उद्या मुखाशी असू की शेपटाशी, हे ज्या वेळी कोणालाच नक्की ठाऊक नसते त्या वेळी माणसे न्याय्य नियमाला राजी होतात. टंचाईच्या दिवशी वाटाघाटीला बसणे म्हणजे हा फायदा गमावून बसणे होय.

नियम असूनही तो चांगल्या वर्षापुरताच लिहिलेला असेल तर काय होते, हे पाहायला पाटण तालुक्यात जावे लागेल. कोयनेचा साठा १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातले जलवर्षात ६७.५० टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवून वीज करायची, अशी कमाल मर्यादा कृष्णा पाणी तंटा लवादाने घातली. वीज करून ते पाणी वाशिष्ठीमार्गे समुद्राला मिळते. पूर्वेकडे सोडलेले पाणी सातारा-सांगलीच्या शेतांना आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांना मिळते. ऊर्जा आणि जलसंपदा ही एकाच सरकारची दोन खाती. धरण भरलेल्या वर्षी या मर्यादेमुळे भांडणाला जागा राहत नाही, हे तिचे यश. पण धरण भरले नाही की तूट कोणाच्या वाट्यातून किती कापायची यावर बैठका, निवेदने आणि मोर्चे सुरू होतात आणि निर्णयाला राजकारणाचे वजन चढते. कंपनीतल्या वाटणीच्या नियमातही तुटीचे कलम स्वतंत्रपणे लिहिलेले हवे. वाफ शंभर टक्के असेल तेव्हा कोणाला किती, हे कोणीही सांगेल. ती सत्तर टक्क्यांवर आली की पहिला व्हॉल्व्ह कोणाचा बंद होणार, हे बॉयलर पेटवण्याआधी ठरलेले असले पाहिजे.

अशी कात्री बाहेरूनही लागते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाचा रस आणि सिरप यांपासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, आठवडाभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेपुरती मर्यादा घातली, आणि पुढच्या वर्षासाठी ती उठवली. हंगाम ऐन भरात असताना डिस्टिलरीसाठी आखलेले वाटप एका पत्राने उलटले. ज्या कारखान्यात डिस्टिलरी विभागाचे उद्दिष्ट, बोनस आणि कर्जफेड रसाच्या ठरावीक वाट्यावर बांधली होती, तिथे हा धक्का कोणी सोसायचा हा प्रश्न त्या विभागाच्या माणसांवर पडणे योग्य नव्हते. त्यांच्या हातात काहीच नव्हते.

मात्र वाटाघाटीचे सर्वात शिकवणारे उदाहरण मला वाफेत किंवा रसात दिसत नाही, ते ऊस यार्डात दिसते. जानेवारीतल्या एखाद्या रात्री सांगली-इस्लामपूर रस्त्याने जा. कुठल्याही कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, ट्रक रांगेत उभे असतात. चालक ट्रॉलीखाली पोते अंथरून झोपलेला असतो, बैल सोडून वाढ्यापुढे बांधलेले असतात. ही रांग कशामुळे लागते? कारखान्यात गाळप थांबले की त्या थांबण्याचे कारण नोंदवावे लागते: यांत्रिक, विद्युत, प्रोसेस किंवा ‘नो केन’, म्हणजे ऊसच नाही. ‘नो केन’ची नोंद शेतकी विभागाच्या खात्यात पडते. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याचा जाब शेतकी अधिकाऱ्याला द्यावा लागतो. म्हणून तो शहाणा माणूस गरजेपेक्षा जास्त ऊस तोडायला सांगतो, गट ऑफिसांना जादा वाहने भरायला सांगतो आणि यार्ड कायम तुडुंब ठेवतो. तिकडे इंजिनिअरिंग विभाग मिल थांबली तरी निवांत असतो, कारण बाहेर ऊस उभा आहे, ‘नो केन’ होणार नाही. दोन्ही विभागांचे आकडे स्वच्छ राहतात. तोडलेला ऊस मात्र उभ्या उभ्या वाळतो, त्यातली साखर कमी होत जाते आणि काट्यावर नंबर येईपर्यंत वजन घटते. वजन घटले ते शेतकऱ्याचे, खेप बुडाली ती वाहनवाल्याची, आणि सकाळी पुन्हा फडात हजर व्हायचे ते तोडणी कामगारांनी.

इथे दोन विभागांमध्ये भांडण नाही. उलट, अलिखित आणि अगदी सलोख्याची तडजोड आहे. म्हणूनच मला वाटते की विभागांमध्ये एकमत झाले म्हणजे वाटणी नीट झाली, असे मानणे भाबडेपणाचे आहे. दोघांचे पटले असेल तर बिल तिसऱ्याला गेले का, हे आधी तपासावे. यावरचा उपाय फार खर्चिक नाही. वाहन फाटकाशी आल्यापासून रिकामे होऊन बाहेर पडेपर्यंतचा सरासरी वेळ रोज काढायचा आणि तो शेतकी आणि इंजिनिअरिंग या दोन्ही विभागांच्या खात्यात सारखाच मांडायचा. मिल थांबली तर इंजिनिअरिंगला लगेच शेतकीला फोन करावासा वाटला पाहिजे, आणि शेतकीला तोड कमी करताना ‘नो केन’ची भीती वाटता कामा नये. फाटकावर टोकन आणि संगणक बऱ्याच ठिकाणी आहेतच. आकडा तयार असतो, फक्त तो कोणाचा हे ठरलेले नसते.

या सगळ्याला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की कंपनी म्हणजे ग्रामसभा नव्हे. निर्णय लवकर लागतात, प्रत्येक व्हॉल्व्हसाठी बैठका घेत बसले तर गाळप होणार नाही. हे खरे आहे, म्हणूनच मी रोजच्या बैठका कमी करायच्या म्हणतो. नियम आधी लिहिलेला असला तर शिफ्ट इन्चार्ज रात्री दोन वाजता कोणाला न उठवता निर्णय घेऊ शकतो. आज तो घेत नाही, कारण सकाळी कोणता साहेब रागावेल याचा त्याला अंदाज नसतो. आणि नियमाबाहेरचा प्रसंग आला तर कार्यकारी संचालकाने जरूर निर्णय द्यावा. फक्त तो कारणासह वहीत लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षी नियम सुधारताना त्याचा उपयोग होईल.

दुसरा आक्षेप हिशेबनीसांचा, म्हणजे माझ्याच जातकुळीचा. प्रत्येक साधनाला अंतर्गत दर लावा, विभागांना एकमेकांकडून ते विकत घेऊ द्या, किमतीच वाटणी करतील. दर लावल्याने वापर दिसू लागतो, उधळपट्टी कमी होते, हे मी नाकारत नाही. कॉम्प्रेस्ड एअरला मीटर आणि दर लावला की गळती शोधायला माणसे धावतात. पण बाजार नसलेल्या ठिकाणचा दर हा शेवटी कोणीतरी ठरवलेला आकडा असतो. बगॅसच्या दराबाबत वर पाहिले त्याप्रमाणे, वाटणीचे भांडण तिथे दराच्या भांडणाचा वेश घेऊन येते, आणि दशांश चिन्हांमुळे ते अधिक सभ्य दिसते एवढेच. शिवाय ज्या विभागाला उत्पन्नच नाही, उदाहरणार्थ सुरक्षा किंवा प्रशिक्षण, त्याने कोणत्या पैशाने क्रेन विकत घ्यायची? दर हे मोजमापाचे साधन म्हणून उत्तम आहे. तो न्यायाधीश म्हणून बसवला की निकाल पुन्हा मुखाकडच्याच बाजूने लागतो.

खासगी कंपनीने हे करावे की नाही हा शेवटी तिच्या मालकांचा प्रश्न आहे. न केल्यास ती रिजेक्शनमध्ये आणि ब्रेकडाउनमध्ये किंमत मोजेल. सहकारी कारखान्याला ती मोकळीक नाही, कारण तिथले विभाग ज्याच्या भांडवलावर उभे आहेत तो सभासद आणि ज्याच्या बिलातून कात्री लागू शकते तो ऊस उत्पादक हा एकच माणूस आहे. सहकार कायद्यानुसार वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि दसऱ्याच्या आसपास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. मधल्या दोन-तीन आठवड्यांत शेतकी, इंजिनिअरिंग, उत्पादन, सहवीज, डिस्टिलरी आणि लेखा विभाग यांनी एकत्र बसून त्या हंगामाचा वाटपाचा नियम, त्यातले तुटीचे कलम आणि बगॅस-मोलॅसिसचे अंतर्गत दर लिहून काढावेत. त्या बैठकीत संचालक नसलेले दोन ऊस उत्पादक आणि वाहतूकदारांचा एक प्रतिनिधी बसवावा. दरासाठी आधार म्हणून त्या महिन्यात परिसरातल्या कारखान्यांनी खुल्या निविदेने विकलेल्या बगॅसचे भाव घ्यावेत, आणि वेगळा दर धरायचा असेल तर कारण लिहावे. संचालक मंडळाने तो कागद मंजूर करून नोटीस बोर्डावर लावावा.

संचालक मंडळ हे आपण होऊन करील अशी वाट पाहण्याची गरज नाही. सभेपूर्वी लेखी प्रश्न पाठवण्याची सोय आहे, ती सभासदांनी वापरावी. विचारायचे ते इतके: गेल्या हंगामात सहवीज आणि डिस्टिलरी विभागांना किती टन बगॅस आणि किती टन मोलॅसिस दिले, कोणत्या दराने दिले, तो दर कोणत्या तारखेच्या बैठकीत ठरला, आणि वाहनांचा फाटकावरचा सरासरी थांबा महिनावार किती होता. उत्तर तोंडी नको, पुढच्या अहवालात छापून हवे, असेही त्याच पत्रात लिहावे.